आधी अंश, मग किलो

मिरा रोडच्या पेणकरपाड्यात दाब म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. दहिसर चेकनाक्याच्या जवळच्या या पट्ट्यात वस्तीला खेटून छोटे औद्योगिक गाळे आहेत. कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे सिलिंडर, एअर गन हे तिथलं रोजचं सामान. फिटर ‘सहा किलो ठेव’ म्हणतो, तेव्हा तो वजनाबद्दल बोलत नसतो, तर दर चौरस सेंटिमीटरवरच्या दाबाबद्दल बोलत असतो. पण याच भागातल्या एखाद्या टू-बीएचकेत कुणी हौसेने केग, म्हणजे बिअरचं दाबबंद पिंप, आणि तोटी बसवली, पहिला ग्लास धरला आणि तळाला तीन बोटं बिअर, वर सगळा फेस असं दिसलं, की दाब ओळखणारा माणूससुद्धा एकच गोष्ट करतो. तो रेग्युलेटर उलटा फिरवून दाब उतरवतो. फेस जास्त म्हणजे जोर जास्त, असा साधा हिशेब.

सगळं इथूनच बिघडत जातं. दाब उतरवल्यावर दुसरा ग्लास जरा बरा येतो, त्यामुळे निदान बरोबर होतं असं वाटतं. चार-पाच दिवसांनी मात्र बिअर मिळमिळीत लागते आणि गंमत म्हणजे फेस तरीही येतच राहतो. कारण केगमधल्या दाबाचं मुख्य काम बिअरला ढकलणं हे नाहीच. बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच धरून ठेवणं, हे त्याचं काम. तोटीपर्यंत बिअर पोचते हा त्याचा जोडधंदा.

बिअर आणि हा वायू यांची गाठ जुनी आहे. 1767च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रिस्टली एका बिअर कारखान्याच्या शेजारी राहायला आला. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते हे त्याला दिसलं. त्या हवेत पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिलं की पाण्याला चुरचुरीत चव येते, हेही त्याच्या लक्षात आलं. 1772मध्ये त्याने ती कृती छापली आणि जगाला सोडावॉटर मिळालं. पुढे 1803मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने नियम मांडला: ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. दाब दुप्पट केला तर विरघळलेला वायूही दुप्पट. या नियमातले ‘ठरावीक तापमानाला’ हे दोन शब्द लोक वाचतात आणि विसरतात. घरच्या तोटीचं निम्मं दुखणं या विसरण्यात आहे.

बिअरमधला वायू मोजायची पद्धत सोपी आहे. एक लिटर बिअरमध्ये किती लिटर वायू विरघळला आहे, तेवढे ‘व्हॉल्यूम’. नेहमीच्या लागरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास, म्हणजे लिटरमागे जवळपास 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. गव्हाची बिअर जास्त चुरचुरीत हवी असते, ती तीनपर्यंत किंवा वरही जाते. जुन्या इंग्रजी पद्धतीची पिंपातली एल दीडवरच समाधानी असते. आता हे अडीच व्हॉल्यूम टिकवायला दाब किती ठेवायचा? बिअर 3 अंश सेल्सिअसला असेल तर पाऊण किलोच्या किंचित वर. 5 अंशांना 0.9 किलो. 8 अंशांना 1.1. 20 अंशांना जवळपास 1.9. आणि मिरा रोडच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात, 30 अंशांना, 2.7 किलो. बिअर तीच, तिच्यातला वायूही तेवढाच. फक्त तापमान बदललं आणि दाब साडेतीन पट झाला. (ज्यांच्या रेग्युलेटरवर पीएसआयचा काटा आहे त्यांनी 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय धरावं. पाऊण ते 0.9 किलो म्हणजे 11 ते 13 पीएसआय.)

हा दाब फार मोठा नाही, हे सांगायला हवं, कारण केगला जोडलेला वायूचा सिलिंडर पाहूनच घरातली मंडळी बिचकतात. वजनाच्या शिट्टीचा आपला घरगुती कुकर साधारण 1 किलो दाबावर चालतो. म्हणजे थंड केगमध्ये वरणभाताच्या कुकरपेक्षा कमीच दाब असतो. भीती बाळगायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी बाळगावी. त्याबद्दल पुढे.

तर क्रम असा: आधी बिअरचं तापमान पक्कं करायचं, मग त्या तापमानाला जुळणारा दाब लावायचा आणि शेवटी, लागलं तर, नळीची लांबी बदलायची. फेस दिसला म्हणून थेट दाबाला हात घालायचा नाही.

तापमान पक्कं करणं ऐकायला सोपं वाटतं. फ्रिजच्या डायलवर 1 ते 7 आकडे असतात, ते अंश नव्हेत. फ्रिजमधली हवाही मोजून उपयोग नाही, दार उघडलं की ती बदलते. केगशेजारी पाण्याने भरलेला ग्लास रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवावा. तो आकडा बिअरच्या खऱ्या तापमानाच्या जवळचा. उंच फ्रिजमध्ये वरच्या आणि खालच्या भागात दोन-तीन अंशांचा फरक सहज निघतो. म्हणून एखादा छोटा पंखा आत फिरता ठेवणारे लोक शहाणे. 19 लिटरची केग 30 अंशांवरून 4 अंशांवर आणायला साधारण 2,000 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. घरचा फ्रिज हे काम दोन तासांत करत नाही. रात्रभर तरी द्या. पूर्ण दिवस दिला तर उत्तम. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून दुपारी केग आत ठेवली, तर बाहेरचं पत्र्याचं अंग गार लागेल आणि आतली बिअर पंधरा अंशांवर असेल. मग फेसाचा दोष रेग्युलेटरवर जातो.

आडवा डीप फ्रीजर वापरणाऱ्यांनी बाहेरून तापमान-नियंत्रक जोडायलाच हवा. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि डीप फ्रीजर स्वतःच्या मर्जीवर सोडला तर तो उणे 18 पर्यंत जातो.

दाबाच्या बाबतीत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. काटा क्षणात हलतो, पण बिअरमधला वायू हलत नाही. केग स्थिर ठेवून दाब बदलला, तर नवा समतोल यायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात. आज फिरवलेल्या खुंटीचं फळ पुढच्या रविवारी मिळतं. मधल्या काळात माणूस आणखी चार वेळा ती फिरवतो आणि कशामुळे काय झालं याचा पत्ता लागेनासा होतो. दाब वाढवून ठेवला आणि बिअर जास्त भरली गेली, तर केगवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून वरचा वायू सोडावा, थोड्या वेळाने पुन्हा सोडावा, दिवसभर हे करत राहावं. नुसता रेग्युलेटर उतरवल्याने बिअरमधला वायू लगेच बाहेर येत नाही. आणि आता काटा बरोबर आहे असं ठरवलं की त्याला हात लावू नये. माझ्या मते घरच्या तोटीला लागणारा सगळ्यात दुर्मिळ भाग म्हणजे न फिरवलेली खुंटी.

आता नळी. केगमध्ये पाऊण-एक किलो जादा दाब आहे, तोटीच्या तोंडाशी शून्य. हा फरक कुठेतरी हळूहळू खर्ची पडायला हवा. तो तोटीत एकदम संपला, तर विरघळलेला वायू तिथेच फुटून बाहेर पडतो आणि ग्लासात फेस. तो लांब, अरुंद नळीत घासत घासत संपला, तर बिअर शांतपणे खाली येते. म्हणून आतला व्यास जेमतेम 5 मिलिमीटर असलेली नळी वापरतात, तीही अडीच-तीन मीटर, वेटोळं करून फ्रिजच्या आतच ठेवलेली. दोन हात दूरच्या तोटीसाठी तीन मीटर नळी हा वेडेपणा वाटतो, म्हणून ती कापून टाकायचा मोह होतो. कापू नये. आपल्याकडे आरओच्या पाण्याच्या मशीनला लागणारा पाव इंची पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचा आतला व्यास 4 मिलिमीटरच्या थोडा वर असतो, त्यामुळे तो दीड-दोन मीटर पुरतो. अन्नपाण्यासाठीचा म्हणून विकला जाणारा घ्यावा. कूलरचा किंवा मत्स्यालयाचा पारदर्शक पाइप नको. त्याचा वास बिअरला लागतो. थोडा मोठा, सहा मिलिमीटरच्या पुढचा व्यास घेतला तर नळी तिप्पट-चौपट लांब लागते, कारण व्यास थोडासा वाढला तरी घर्षण खूप घटतं. चढाचा हिशेब किरकोळ आहे: मीटरभर उंच चढायला 0.1 किलो.

नळी जुळली की अर्धा लिटरचा मग आठ ते दहा सेकंदांत भरतो. तोटी उघडायची ती पूर्ण. सावकाश म्हणून अर्धी उघडली तर त्या फटीतच बिअर फुटते; नवख्याच्या हातून फेस येतो तो बहुतेकदा यामुळे.

मुंबईच्या हवेत एक जास्तीचा शत्रू आहे. हॉटेलसारखा चकचकीत टॉवर ओट्यावर बसवला, तर त्याच्या आतली वीतभर नळी आणि पितळी तोटी 30-32 अंशांवर तापलेल्या असतात. 4 अंशांची बिअर तिथून गेली की पहिला ग्लास फेसाळणारच. पावसाळ्यात वर आणखी एक कटकट: बाहेरची हवा इतकी दमट असते की 25 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. टॉवरला घाम फुटतो, ओट्यावर थारोळं साचतं, खालच्या प्लायवूडला बुरशी येते. टॉवर हवाच असेल तर फ्रिजमधली थंड हवा पंख्याने त्यात चढवावी लागते. पण पेणकरपाड्यातल्या फ्लॅटमध्ये मी तरी टॉवरच्या भानगडीत पडणार नाही. फ्रिजच्या दाराला भोक पाडून तोटीचा दांडा थेट आत घ्यावा, म्हणजे तोटीची मागची बाजू थंड राहते. फ्रिज नवा असेल आणि घरात भोकाला विरोध असेल, तर नळीच्या टोकाला प्लास्टिकची साधी दाबतोटी लावून सगळंच फ्रिजमध्ये ठेवावं. दिसायला गरीब, पण ग्लास चांगला भरतो.

केग भरायची कशाने, हा प्रश्न महाराष्ट्रात कायद्याचाही आहे. 1949चा मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा, अजून लागू आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, मग ते स्वतःपुरतं का असेना. परदेशातल्या पुस्तकांत ‘घरी बनवा, केगमध्ये भरा’ असं सहज लिहिलेलं असतं. ते इथे चालत नाही. प्यायला आणि जवळ बाळगायलाही परवाना लागतो, किती बाळगायचं यालाही मर्यादा आहे आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट 21ची आहे. ताजी बिअर मिळण्याची जागा म्हणजे मायक्रोब्रूअरी. पुण्यात 2009मध्ये डूलाली सुरू झाली, मुंबईत 2013मध्ये लोअर परळला बार्किंग डियर, आणि त्यानंतर एकामागून एक. 2020मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याने मायक्रोब्रूअरींना ताजी बिअर ग्राउलरमध्ये भरून घरी न्यायला द्यायची मुभा दिली, तेव्हा बऱ्याच घरांत पहिल्यांदा ‘ही ठेवायची कशी’ हा विचार शिरला.

ग्राउलर म्हणजे झाकणाची मोठी बाटली, एक-दोन लिटरची. तिच्यातली बिअर बहुधा न गाळलेली असते, म्हणजे यीस्ट जिवंत असतं. थंडीत ते निजलेलं असतं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या कोंडीत गाडीच्या डिकीत ते तापलं, तर बिअरमधला वायू बाहेर यायला धडपडतो आणि यीस्टही कामाला लागू शकतं. 30 अंशांना बंद बाटलीतला दाब 2.7 किलोपर्यंत चढतो हे वर आलंच आहे. काचेच्या ग्राउलरला म्हणून सिलिंडर कधीही जोडू नये. बर्फाच्या पेटीतून आणावी, रात्रभर उभी ठेवावी, उघडली की दिवस-दीड दिवसात संपवावी. ज्यांना तोटीच हवी त्यांनी दाबासाठी बनवलेली स्टीलची चार-पाच लिटरची मिनी केग घ्यावी. तिला 16 ग्रॅम वायूची छोटी कॅप्सूल लागते. चार लिटर बिअर पाऊण किलो दाबाने पूर्ण बाहेर काढायला 14 ग्रॅमच्या आसपास वायू जातो, म्हणजे एका केगला एक कॅप्सूल जेमतेम पुरते. कुठे गळती असेल तर नाही पुरत.

मोठी केग असेल तर सिलिंडर आला, आणि इथे गाळ्यातली ओळख उपयोगी पडते तशीच घातकही ठरते. वेल्डिंगवाल्याकडचा कार्बन डायऑक्साइड पिण्याच्या कामाचा नसतो; तेल, ओलावा, इतर वायूंचे अंश त्यात चालतात. खाद्य दर्जाचाच वायू मागावा. वेल्डिंगचा रेग्युलेटरही बहुधा दर मिनिटाला किती लिटर वायू वाहतो ते दाखवतो, केगमधला दाब नव्हे. सिलिंडरवर तपासणीची तारीख ठोकलेली असते. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हायला हवी. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

सिलिंडरच्या काट्याबद्दल मात्र फिटरही गोंधळतो. हवेच्या टाकीत निम्मी हवा संपली की काटा निम्म्यावर येतो. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा फक्त तापमान सांगतो. 30 अंशांना तो 70 किलोच्या पुढे असतो. तोच सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की 40 वर येतो, आणि माणूस गळती शोधायला साबणाचं पाणी घेऊन बसतो. त्यात आपल्याकडे आणखी एक चमत्कार घडतो. 31.1 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. ड्राय बाल्कनीत ठेवलेल्या सिलिंडरमधला द्रव एप्रिल-मेच्या दुपारी नाहीसा होतो आणि पहाटे गारवा आला की परततो. कॅनडाच्या तळघरात बसून लिहिलेल्या पुस्तकाला हे सांगायची गरज पडत नाही. किती वायू उरला हे कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे सिलिंडर वजनकाट्यावर ठेवणं; रिकामं वजन त्याच्या गळ्यावर कोरलेलं असतं.

भीतीची खरी जागा हीच. पाच किलोच्या सिलिंडरमधला सगळा वायू बाहेर आला तर त्याचे पावणेतीन घनमीटरच्या वर होतात. आठ बाय सात फुटांचं आपलं बंद स्वयंपाकघर म्हणजे जेमतेम 14 घनमीटर. हवेत कार्बन डायऑक्साइड चार टक्के झाला तरी जिवाला धोका मानतात. इथे तो पंधरा टक्क्यांच्या वर जाईल. तो हवेपेक्षा दीडपट जड आहे, जमिनीलगत साचतो, त्याला रंग नाही, ओळखू येईल असा वासही नाही. त्यामुळे एसी लावून बंद केलेल्या बेडरूममध्ये सिलिंडर नको, आणि घरी दोन किलोपेक्षा मोठा नकोच. 19 लिटरची भरलेली केग रिकामी करायला 65 ग्रॅमच्या आसपास वायू लागतो. दोन किलोत हिशेबाने तीस केग होतात. मोठा सिलिंडर घेऊन वाचणार काय? छोटा सिलिंडरही बाल्कनीत, सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

पुण्याच्या मित्राने सांगितलेला दाबाचा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये, हेही ओघात आलं. रेग्युलेटर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते दाखवतो, आणि पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे बाहेरची हवाच थोडी हलकी. समुद्रसपाटीच्या मिरा रोडला जो काटा 0.8 वर ठेवाल, तो पुण्यात 0.87च्या आसपास हवा. महाबळेश्वरच्या बंगल्यात 0.95च्या जवळ. स्वस्त रेग्युलेटरचा काटा मुळातच एवढा इकडेतिकडे असतो, त्यामुळे पुण्याचा फरक कुणाला जाणवणार नाही. महाबळेश्वरचा जाणवेल.

सगळं जुळूनही बिअर बिघडते ती स्वच्छतेपायी. नळीत साखर आणि प्रथिनांचा थर धरतो, तो विरघळलेल्या वायूचे बुडबुडे करून फेस वाढवतो आणि आंबूस वास देतो. दर दोन आठवड्यांनी बिअर-नळीसाठीचं क्षारीय द्रावण फिरवून भरपूर साध्या पाण्याने धुवावी. ग्लासाचं उलटं आहे: तिथे भांड्याच्या साबणाचा अंश किंवा तुपाचा हात राहिला तर फेस टिकतच नाही. बिअरचा फेस प्रथिनं आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उभा असतो, आणि स्निग्धांश त्याला लगेच पाडतो. तुपाच्या वाटीसोबत त्याच पाण्यात धुतलेला ग्लास बिअरला काढू नये.

घरात बिअर पिणारं कुणी एकटंच असेल, तर हा सगळा खटाटोप सोड्याच्याही कामाला येतो. सोड्याला चार व्हॉल्यूम लागतात. 4 अंशांच्या गाळलेल्या पाण्याला त्यासाठी जवळपास 2 किलो दाब. बिअरची नळी त्या दाबाला अपुरी पडते, दुप्पटीहून लांब घ्यावी लागते. आणि कोकमाचं आगळ केगमध्ये घालू नये, ग्लासात घालावं. आगळातला गाळ तोटीच्या बैठकीत अडकला की ती ठिबकायला लागते.